आत यायला फुकट, बाहेर पडायला नऊ सेंट

क्लाउडचा धंदा समजून घ्यायचा असेल तर व्हाइटपेपर वाचू नयेत, रेटकार्ड वाचावं. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर इंटरनेटवरून डेटा आत टाकायला एक पैसा पडत नाही. एक जीबी टाका नाहीतर हजार टीबी टाका, या, बसा, घर तुमचंच आहे. बाहेर काढायचा म्हटलं की मात्र अमेरिका-युरोपातल्या बहुतेक रीजनमध्ये छापील दर जीबीला ९ सेंट. महिन्याचे पहिले १०० जीबी माफ, प्रमाण वाढलं की दर थोडा उतरतो, पण १० टीबीचं गाठोडं घेऊन निघालात तर सुमारे ९०० डॉलर नुसते दाराशी मोजायचे. अझूर आणि गूगल क्लाउडचे आकडे वेगळे, तऱ्हा तीच.

लहानपणी ऐकलेली म्हाताऱ्या सिंहाची गोष्ट आठवतेय? गुहेच्या तोंडाशी थबकलेला कोल्हा म्हणतो, महाराज, आत गेलेली पावलं दिसतात, बाहेर आलेली एकही दिसत नाहीत. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे सीएमएने, नेमकी हीच पावलं मोजली. ३१ जुलै २०२५ ला त्यांचा क्लाउडवरचा अंतिम निर्णय आला. ब्रिटनच्या बाजारात एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्टचा वाटा प्रत्येकी ३० ते ४० टक्के, आणि वर्षभरात क्लाउड बदलणारे ग्राहक १ टक्क्याहूनही कमी.

आता आमच्याच धंद्यातले मित्र म्हणणार, लोक बदलत नाहीत कारण लोक खूष आहेत. असतीलही काही. पण बाहेरून कडी घालायची आणि आतल्या माणसाला विचारायचं, "इथे बरं वाटतंय ना तुम्हाला?", आणि त्याच्या उत्तराला ग्राहकाचं समाधान म्हणायचं, हे काही पटत नाही बुवा.

माझं म्हणणं सरळ आहे. सॉफ्टवेअर कंपनी किती मोठी आहे आणि किती महाग आहे, याच्या चौकशीत स्पर्धा आयोगांनी दहा-दहा वर्षं घालवू नयेत. तिच्याकडून निघता येतं की नाही, एवढं आधी बघावं. येत नसेल तर दंड ठोकून घरी जाऊ नये, भिंतीत दार पाडून द्यावं. दंड म्हणजे वरातीमागून घोडं. वरात मांडवात पोचून जेवणं उरकलेली असतात, आणि घोडं आपलं ऐटीत येतंय.

पहिला आक्षेप खर्चाचा असतो. बँडविड्थला पैसे लागतात, केबल समुद्राखालून टाकावी लागते वगैरे. लागतातच. पण तीच केबल आत येणाऱ्या डेटालाही लागते की! शिवाय ऑरेकल आपल्या क्लाउडवर महिन्याला १० टीबीपर्यंतचा डेटा फुकट बाहेर जाऊ देते. आणि ऑरेकल म्हणजे काही पंढरीला निघालेली दिंडी नव्हे. लायसन्स ऑडिटची नोटीस ज्यांच्या ऑफिसात येऊन गेलीय त्यांना विचारा. क्लाउडफ्लेअरने तर असं स्टोरेज काढलं जिथे बाहेर जायचं भाडंच नाही. तेव्हा ९ सेंटांत केबलचा खर्च किती आणि कुलपाचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

गंमत पुढे आहे. युरोपीय संघाचा डेटा ॲक्ट नावाचा कायदा ११ जानेवारी २०२४ ला अस्तित्वात आला. त्याच दिवशी गूगलने जाहीर केलं, की आमचा क्लाउड कायमचा सोडून जाणाऱ्यांकडून डेटा हलवायचे पैसे घेणार नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ॲमेझॉनने तेच केलं, पुढच्या आठवड्यात मायक्रोसॉफ्टने. वर्षानुवर्षं अपरिहार्य म्हणून सांगितलेला खर्च दोन महिन्यांत तिघांनाही माफ करता आला. ॲमेझॉनने आपल्या निवेदनात युरोपच्या कायद्याचा उल्लेख केला, आणि सवलत जगातल्या सगळ्या ग्राहकांना दिली. म्हणजे बाणेरमधल्या एखाद्या स्टार्टअपला एडब्ल्यूएस सोडताना जे पैसे वाचतील ते ब्रुसेल्समध्ये बसलेल्या कारकुनांच्या कृपेने वाचतील. आपण इथे 'नियम आले की नाविन्य मरतं' यावर चहाच्या टपरीवर वाद घालत बसलो होतो.

अर्थात सवलतीला बारीक टाइप होताच. आधी सपोर्टला कळवा, मंजुरी घ्या, ठरलेल्या मुदतीत हलवा. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या घोषणेत तर खातंच बंद करण्याची अट होती. अर्धं काम इथे, अर्धं तिथे असं चालवायचं असेल तर मीटर चालूच. कायद्याने मात्र पुढची तारीख घालून ठेवलीय: १२ जानेवारी २०२७ पासून युरोपात स्थलांतराचे पैसे घेताच येणार नाहीत. सोडून जायची नोटीस जास्तीत जास्त दोन महिन्यांची, त्यानंतर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत स्थलांतर. तांत्रिकदृष्ट्या जमत नसेल तर पुरवठादाराने कारण द्यायचं, आणि तरी सात महिन्यांच्या वर जायचं नाही.

हे मोठ्यांचं झालं. खरं दुखणं मला मधल्या आणि छोट्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, कारण तिथे रेटकार्डसुद्धा नसतं.

आमच्या टीमने मध्यंतरी एका क्लायंटचं काम घेतलं. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या सुट्या भागांची वितरणाची एजन्सी, वीस-बावीस माणसं. मालकांना सगळे काका म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. सहा वर्षं त्यांचं बिलिंग, स्टॉक, उधारी सगळं एका ऑनलाइन सॉफ्टवेअरवर. विक्रेत्याचं नाव घेत नाही, कारण नाव महत्त्वाचं नाही. अशा डझनभर कंपन्या तुम्हाला माहीत असतील, एखादीत तुम्ही नोकरीला असाल. तर त्या कंपनीने दर वाढवले आणि काकांनी ठरवलं, आता बदलायचं.

एक्स्पोर्टचं बटण होतं. छान हिरवं, गोल कोपऱ्यांचं. दाबलं की एका वेळी हजार ओळींची सीएसव्ही फाइल. इन्व्हॉइस वेगळे, पावत्या वेगळ्या, आणि कुठली पावती कुठल्या इन्व्हॉइसची हे सांगणारा आतला नंबर दोन्हीकडून गायब. म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे दिले हे कळतं, कशाचे दिले ते कळत नाही. स्कॅन करून चढवलेली चलनं आणि क्रेडिट नोटा एक्स्पोर्टमध्ये नाहीतच. एकेक उघडून डाउनलोड करा, मोजून चौदा हजार. एपीआय होता, पण वरच्या प्लॅनमध्ये, आणि तिथेही तासाला ठरावीक कॉल. सपोर्टला मेल टाकली तर 'डेटा स्थलांतर सहाय्य' या नावाचं कोटेशन आलं, जवळजवळ वर्षाच्या वर्गणीएवढं. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि मला विचारलं, "बाळा, हे लिहिलं कोणी? माझ्या मुलींनी रात्री बसून भरलंय ना हे सगळं?" काकांच्या दोघी मुली हिशोब बघतात.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जीएसटीचं विवरण तोंडावर होतं, काकांनी वाढीव दराने आणखी एक वर्ष घेतलं.

आता यातलं काहीही अपघाताने होत नाही. मी या धंद्याच्या आत बसतो. प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये 'स्टिकीनेस' हा शब्द कौतुकाने वापरला जातो. आयात सुलभ करण्याच्या कामाला दोन स्प्रिंट मिळतात आणि निर्यातीचं तिकीट बॅकलॉगच्या तळाशी शेवाळ धरतं. कोणी दुष्टपणे ठरवत नाही. फक्त सोडून जाणाऱ्याची सोय करण्याने कोणाचंही अप्रेझल चांगलं होत नाही, एवढंच. आणि ज्याचं अप्रेझल होत नाही ते काम बाजार आपोआप करेल ही श्रद्धा आहे, अर्थशास्त्र नव्हे.

"मग करारावर सही कशाला केली?" हा दुसरा आक्षेप. सही करताना काकांनी दर बघितला, जीएसटीचा फॉरमॅट बघितला, डेमो बघितला. सहा वर्षांनी निघताना जोडणीचा नंबर मिळेल का, हे विचारायला त्यांना डेटाबेस येत असायला हवा. आपल्यातल्या किती जणांनी भाड्याच्या घराच्या करारात गॅलरीच्या दाराची रुंदी मोजली होती? आणि समजा विचारलं असतं, तरी तीन वर्षांनी विक्रेता एक्स्पोर्टचं पान बदलू शकतो, करारात तो अधिकार त्याच्याकडे असतोच.

तिसरा आक्षेप फक्त इंजिनीअर लोक घेतात: "नीट आर्किटेक्चर करा, ओपन सोर्स वापरा, लॉक-इन होतच नाही." या आक्षेपाचं मला विशेष कौतुक आहे, कारण त्याचं उत्तर ओपन सोर्सच्याच इतिहासात आहे.

अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सांबा लिहायला घेतलं. विंडोजच्या मशीनना फाइल आणि प्रिंटर पुरवण्याचं काम लिनक्सच्या सर्व्हरने करायचं, हा उद्देश. विंडोज नेटवर्कवर काय बोलतं याची संपूर्ण कागदपत्रं बाहेर नव्हती. मग ट्रिजेल आणि त्याच्या साथीदारांनी तारेवरची पाकिटं बघून भाषा शिकायची पद्धत पत्करली. तो स्वतःच त्याला फ्रेंच कॅफेची उपमा देतो: कॅफेत बसा, लोक काय मागवतात आणि वेटर काय आणतो ते ऐकत राहा, हळूहळू शब्द कळतात. जगातली अत्यंत हुशार माणसं वर्षानुवर्षं कॅफेत बसून दुसऱ्याची ऑर्डर ऐकत होती. हे आहे तुमचं 'नीट आर्किटेक्चर करा'.

तिकडे सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, की मायक्रोसॉफ्ट ही भाषा आम्हाला देत नाही, त्यामुळे ज्या ऑफिसात विंडोजचे पीसी आहेत तिथे आमचे सर्व्हर बसूच शकत नाहीत. पीसी बदलायचा नाही, पण सर्व्हरसुद्धा बदलता येत नाही, अशी ती कोंडी. २४ मार्च २००४ ला निकाल लागला. दंड ४९.७ कोटी युरो, त्या वेळचा विक्रम. सगळ्या पेपरांत मथळा दंडाचा. पण निकालात दुसरंही एक वाक्य होतं: सर्व्हर ज्या भाषेत बोलतात तिची पूर्ण आणि अचूक कागदपत्रं प्रतिस्पर्ध्यांना द्या. दंड मायक्रोसॉफ्टला परवडत होता. झोंबलं ते हे दुसरं वाक्य. कंपनी कोर्टात गेली, सप्टेंबर २००७ मध्ये हरली. कागदपत्रांसाठी अवाजवी पैसे मागितले म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये आणखी ८९.९ कोटी युरोंचा दंड बसला, जो २०१२ साली कोर्टाने ८६ कोटींवर आणला. म्हणजे बघा, कागद द्यायला लावलेली टाळाटाळ मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडली, तरी ती केली गेली. दार कुठे दुखतं ते कंपनीला बरोबर कळत होतं.

आणि डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या लोकांना ती कागदपत्रं मिळाली. एकरकमी १० हजार युरोंत. डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४ आलं, जे मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या जागी उभं राहू शकत होतं. इतक्या खटाटोपातून ग्राहकाच्या हातात काही पडलं असेल तर ते हे. दंडाचे कोट्यवधी युरो युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकात गेले, त्यातून एकाही ऑफिसचा सर्व्हर बदलला नाही.

फक्त तक्रार ते कागदपत्रं हे अंतर नऊ वर्षांचं होतं. सॉफ्टवेअरमध्ये नऊ वर्षं म्हणजे तीन पिढ्या. तोवर बाजार कधीच एका बाजूला झुकला होता. म्हणूनच युरोपाने पुढे खटल्याची वाट न बघता डेटा ॲक्टसारखे आधीच नियम घालणारे कायदे केले. आणि खटल्याच्या वाटेनेही आता दारच मागतात: टीम्सच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जी वचनं देऊन चौकशी मिटवली, त्यांत ग्राहकाला टीम्समधला आपला संदेशांचा डेटा बाहेर काढून दुसरीकडे नेता येईल, हेही आहे.

आता घरी येऊ. आपल्याकडे दार पाडून दिल्याचं उत्तम उदाहरण सगळ्यांच्या खिशात आहे. २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. पोर्ट असं लिहून १९०० ला एसएमएस, आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा, खर्च तेव्हा जास्तीत जास्त १९ रुपये. जुन्या कंपनीची परवानगी मागायची नाही, 'सहाय्या'चं कोटेशन नाही. तेव्हाही कंपन्यांची कुरकुर होतीच. पण नंबर गिऱ्हाईकाचा, ही गोष्ट एकदा नियमात बसली आणि विषय संपला.

दंडाचंही उदाहरण आपल्याकडे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि सोबत दहा निर्देश दिले. २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड जसाच्या तसा ठेवला आणि दहांपैकी चार निर्देश रद्द केले. रद्द झालेल्यांत काय होतं? आधीपासून फोनमध्ये टाकलेली ॲप काढून टाकू द्या, आणि दुसऱ्यांची ॲप स्टोअर प्ले स्टोअरमधून मिळू द्या, हे. दंड राहिला, दारं गेली! मथळ्यांत मात्र 'दंड कायम' म्हणून गूगलचा पराभव. मला विचाराल तर उलटा निकाल चालला असता. दंड माफ करा हवा तर, पण दहाच्या दहा निर्देश पाळायला लावा.

राहता राहिला काकांचा प्रश्न. त्यांचा विक्रेता काही गूगल नाही. स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्ये वर्चस्वाचा गैरवापर यायला आधी वर्चस्व लागतं, आणि देशभरच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या बाजारात त्या कंपनीचा वाटा चिमूटभर असेल. मग काय, सुटली ती? इथे मला आपल्याच आयोगाचा एक जुना निकाल काढावासा वाटतो, आणि योगायोगाने तो काकांच्याच धंद्यातला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला. आरोप: सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. कंपन्या म्हणाल्या, मोटारींच्या बाजारात आमची एवढी स्पर्धा आहे, वर्चस्व कसलं? आयोग म्हणाला, गाडी एकदा घेतली की त्या माणसासाठी बाजार म्हणजे त्याच गाडीचे भाग, आणि तिथे तुम्ही एकटेच आहात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ साली कोडॅकच्या कॉपी मशीनच्या खटल्यात साधारण हीच वाट मोकळी केली होती. दंडाचं पुढे अपिलात काय झालं ते सोडा, तर्क बघा. मारुतीच्या मालकाला जे लागू आहे ते सहा वर्षांचा डेटा अडकलेल्या काकांना का नाही? गाडी तरी विकता येते. अर्धा डेटा कोण विकत घेणार?

मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा मी तो शनिवारी बसून वाचला होता. त्यात क्लाउड सेवा आहेत, डेटा सोबत नेण्याची तरतूद आहे, छान आहे. पण ती लागू होणार अवाढव्य कंपन्यांना: हजारो कोटींची उलाढाल, शिवाय १ कोटी वापरकर्ते किंवा १० हजार व्यावसायिक ग्राहक. २०२५ संपलं तरी त्याचा कायदा झाला नव्हता. मोठ्यांसाठी तो मसुदा ठीकच आहे, पण डेटा सोबत नेण्याच्या कलमाला उंबरठा कशाला हवा? अग्निशमनाचं दार फक्त दहा मजल्यांच्या वरच्या इमारतींनाच लागतं का? सगळा डेटा, त्याच्या आतल्या जोडण्यांसकट, उघड्या फॉरमॅटमध्ये, कागदपत्रांसह, ३० दिवसांत, फुकट. हे पाळायला कुठल्याही बऱ्या टीमला एक तिमाही पुरते. मी स्वतः अंदाज देऊन बसलोय, आमच्या टीमच्या बॅकलॉगमध्ये तिकीट पडलंय.

तोवर आयोगाला कायद्याची वाट बघायची गरज नाही. कलम १९ खाली तो स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो, आणि कोणीही माणूस फी भरून त्याच्यापुढे माहिती ठेवू शकतो, त्याला मोठी कंपनी असावं लागत नाही. २०१४ चा निकाल त्यांच्याच दप्तरात आहे. पहिलं काम म्हणून ब्रिटनसारखी पावलं मोजावीत: बिलिंग, हॉस्पिटल, शाळा, सोसायटी, असल्या सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना विचारावं, किती जणांना गेल्या वर्षी सोडायचं होतं आणि किती जण सुटले.